दरवाजे उघडण्याआधी माशाला विचारायचं तर : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

कामाचं स्वरूप आज पक्कं झालं. नदीखोऱ्यात पाणी कुणाला, किती आणि कधी द्यायचं हे ठरवणाऱ्या बैठका जगभर होतात. शेतीवाले, वीजवाले, शहराचा पाणीपुरवठा, पूरनियंत्रण, कधी मच्छीमार, असे सगळे टेबलाभोवती बसतात. ज्यांचा अख्खा जन्म त्या पाण्यात जातो ते मासे, शिंपले, पाणकिडे आणि काठची झाडं यांच्या वाट्याला बहुतेक वेळा इतिवृत्ताच्या शेवटची एक ओळ येते: ‘पर्यावरणाचा योग्य विचार करण्यात येईल.’ हा विचार कोण करणार, कोणत्या तारखेला, आणि केला नाही तर पुढे काय, हे त्या ओळीत कधीच नसतं. कोणत्याही खोऱ्यातल्या समितीला उचलून वापरता येईल अशी एक कार्यपुस्तिका आम्हाला लिहायची आहे, आणि तिने नेमकी हीच जागा भरली पाहिजे.

गट लहान आहे. मासे आणि पाणकिडे ओळखणारा एक जीवशास्त्रज्ञ मित्र, धरणाच्या परिचालनात सगळी नोकरी घालवलेल्या निवृत्त अभियंता (त्यांना सगळे मॅडमच म्हणतात), गुंतागुंतीच्या बैठका चालवणारी एक सहकारी, आणि नोंदी ठेवायला मी. सराव करायला आम्ही एक कागदावरची नदी आखली आहे. वर मोठं धरण, पायथ्याशी वीजघर, खाली कालव्याचा बंधारा, मग शहर, पुढे सपाट मैदान आणि शेवटी खाडी. ही नदी कुणाच्याच गावची नसल्यामुळे जुन्या भांडणांचं ओझं तिच्यावर नाही.

११ जानेवारी

या आठवड्यात ‘नेचर’ या नियतकालिकात गोड्या पाण्यातल्या जीवांचा मोठा आढावा आला. मासे, खेकडे-झिंगे वर्गातले प्राणी आणि चतुर-टाचण्या मिळून २३,४९६ जाती तपासल्या, आणि त्यांतल्या २४ टक्के नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. नद्या-तळ्यांनी पृथ्वीचा एक टक्क्याहून कमी पृष्ठभाग व्यापलेला असताना प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे दहा टक्के तिथे राहतात. गेल्या वर्षीच्या ‘लिव्हिंग प्लॅनेट’ अहवालात गोड्या पाण्यातल्या, नोंदी असलेल्या पृष्ठवंशी प्राणीसंख्यांची १९७० ते २०२० दरम्यानची सरासरी घट ८५ टक्के दिली होती. जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या घटीपेक्षा ती जास्त आहे.

हे आकडे प्रस्तावनेत एकदा येतील, पुन्हा नाही. समितीतल्या माणसाला ८५ टक्के ऐकून वाईट वाटतं, पण उद्या सकाळी किती विसर्ग सोडायचा हे त्यातून त्याला कळत नाही.

२२ जानेवारी

दोन आठवडे कायद्यांचं वाचन चाललं आहे.

न्यूझीलंडच्या व्हांगानुई नदीला मार्च २०१७ मध्ये कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला. डोंगरापासून समुद्रापर्यंतची नदी एकसंध आणि जिवंत आहे, असं तो कायदा म्हणतो. तिच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमली जातात, एक नदीकाठच्या माओरी समाजाकडून आणि एक सरकारकडून. नदीशी संबंध असलेल्या सगळ्यांचा एक धोरणगटही आहे. ही रचना मला मनापासून आवडते, कारण नदीशी पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं सांगणाऱ्यांना तिथे मध्यभागी जागा आहे. मात्र पाणी वापरण्याचे आधीचे परवाने त्याच कायद्याने कायम ठेवले, आणि उगमाकडचं पाणी जलविद्युत योजनेकडे वळवणं त्यानंतरही चालू राहिलं.

त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुनेला व्यक्ती ठरवलं. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. पुराने कुणाचं नुकसान झालं तर नदीचे पालक म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्यांवर दावा लावायचा का, असा राज्य सरकारचा प्रश्न होता. प्रश्न टाळण्यासारखा नाही. प्रतिनिधित्व म्हटलं की जबाबदारी आलीच.

अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या मतदारांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये एरी सरोवराला हक्क देणारा ठराव मंजूर केला. वर्षभराने संघीय न्यायालयाने तो मोघम म्हणून रद्द केला. काय केलं तर उल्लंघन होतं, हेच त्यातून कळत नव्हतं. याउलट इक्वाडोरने २००८ च्या राज्यघटनेत निसर्गाचे हक्क लिहिले आणि २०२१ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्याच आधारावर लोस सेद्रोसच्या ढगाळ जंगलातले खाणीचे परवाने रद्द केले. तिथे हक्क थेट एका परवान्याला जाऊन भिडला.

पाणीवाटपात परवान्याच्याही पुढे जावं लागेल. परवाना वीस-तीस वर्षांतून एकदा होतो. दरवाजा रोज उघडतो आणि बंद होतो.

३ फेब्रुवारी

पहिली सराव बैठक. सहकारीने रिकाम्या खुर्चीची पद्धत आणली होती. एका खुर्चीवर माशाचं नाव, एकीवर शिंपल्याचं, एकीवर काठच्या झाडाचं, आणि प्रत्येकाने आळीपाळीने तिथे बसून त्या जीवाच्या वतीने बोलायचं. जोॲना मेसी आणि जॉन सीड यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या ‘सर्व जीवांच्या परिषदे’त लोक मुखवटे लावून असंच बोलतात. त्याचं हे साधं रूप.

बैठक चांगली झाली. वीजघराचा प्रतिनिधी म्हणून बसलेला तरुण शिंपल्याच्या खुर्चीत गेल्यावर बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘मला हलताच येत नाही. तुम्ही पाणी काढून घेतलं तर मी जाऊ कुठे?’ खोलीत सगळ्यांनाच ते लागलं. त्यानंतर विसर्गाचा तक्ता मतदानाला आला आणि एकही आकडा न बदलता मंजूर झाला.

मॅडमनी कारण लगेच सांगितलं. तक्त्यात शिंपल्याची ओळच नव्हती. खुर्चीवर जे बोललं गेलं ते उतरवायला कागदावर जागा नसेल तर परिचालकापर्यंत ते पोहोचणार कसं? खुर्चीची पद्धत आम्ही ठेवतो आहोत, कारण तिने माणसं ऐकायला तयार होतात. पण पुस्तिकेचा कणा तक्ताच असेल.

१० फेब्रुवारी

चेक प्रजासत्ताकातून आलेली बातमी टिपून ठेवतो. ब्रडी भागात एका ओढ्यावर पाणथळ जमीन पूर्ववत करायला छोटे बांध घालायचे होते. आराखडा २०१८ चा, आणि जमिनीच्या परवानग्यांत अडकलेला. दरम्यान आठ बीव्हरांनी (झाडं कुरतडून ओढ्यात बांध घालणारा हा प्राणी) जवळपास तिथेच बांध घातले आणि सरकारचे सुमारे तीन कोटी चेक कोरुना वाचले.

लोक ही बातमी गंमत म्हणून एकमेकांना पाठवत आहेत. मला तिच्यात पुस्तिकेचं एक प्रकरण दिसतं. मानवेतरांचा विचार म्हटलं की आपण त्यांना फक्त मागणारे समजतो. बीव्हर पाणी अडवतो, गाळ थोपवतो, पुराचा लोंढा मंदावतो. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात ऑटर नावाच्या नदीवर २०१५ ते २०२० या काळात बीव्हरांवर चाचणी झाली, तिथेही बांधांखाली पुराचा जोर कमी झाल्याचं आढळलं. तोच बीव्हर झाडं पाडतो आणि शेतात पाणी घुसवतो. बव्हेरियात त्यासाठी प्रशिक्षित स्वयंसेवक सल्लागार आहेत. तक्रार आली की ते जागेवर जातात, झाडाला जाळी लावतात, बांधातून नळ टाकून पातळी उतरवतात. नदीकाठचा एक पट्टा प्राण्याला मोकळा सोडला तर बरीचशी भांडणं उभीच राहत नाहीत, असं या कामातले लोक सांगतात. सहकार्य असं दोन्ही बाजूंनी हात पुढे करून होतं.

२४ फेब्रुवारी

आजची नोंद लांबणार, कारण जे शोधत होतो ते सापडलं.

कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅनियन धरणाचं वीजघर मागणीप्रमाणे चालतं. दिवसा विजेची मागणी वाढली की विसर्ग वाढतो, रात्री उतरतो. खाली ग्रँड कॅनियनमध्ये नदीला रोज भरती-ओहोटी येते, समुद्र नसताना. या नदीत मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिस हे पाणकिडे जवळपास नाहीत, आणि माशांपासून वटवाघळांपर्यंत पुष्कळांचं पोट त्यांच्यावर असतं.

याचं उत्तर किड्याच्या अंडी घालण्यात आहे. यातल्या अनेक जातींची मादी संध्याकाळी काठाला येते, पाण्यातून डोकावणाऱ्या दगडावर उतरते आणि पाण्याच्या रेषेलगत, किंचित खाली, अंडी चिकटवते. त्या वेळी पाणी चढलेलं असेल तर अंडी वरच्या रेषेवर बसतात. काही तासांनी विसर्ग उतरतो, दगड उघडा पडतो आणि अंडी उन्हात सुकून जातात. मादीने सगळं बरोबर केलेलं असतं. पाण्याची रेषाच खोटी होती.

२०१८ च्या उन्हाळ्यात तिथे एक प्रयोग झाला. मे ते ऑगस्ट, शनिवार-रविवारी विसर्ग कमी आणि स्थिर ठेवायचा. शनिवार-रविवारी विजेची मागणी तशीही कमी असते. त्या दोन दिवसांत घातलेली अंडी खालच्या रेषेवर बसतात, आणि सोमवारपासून पाणी चढलं तरी ती ओलीच राहतात. महिन्याला सोडायच्या एकूण पाण्यात एका थेंबाचाही फरक नाही. पहिल्याच उन्हाळ्यात कॅडिस माश्या लक्षणीय वाढल्या, आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांतही प्रयोग चालू राहिला.

मोजणी कशी होते हेही लिहून ठेवण्यासारखं आहे. नदीतून पर्यटकांना तराफ्यावर नेणारे वाटाडे मुक्कामाच्या जागी संध्याकाळी काठावर एक डबा मांडतात. त्यात थोडं अल्कोहोल, कडेला छोटा दिवा. अंधार पडताना तासभर दिवा लावायचा, प्रकाशाकडे आलेले किडे डब्यात पडतात, मग ते बाटलीत भरायचे आणि चिठ्ठीवर तारीख, वेळ, नदीचा मैल लिहायचा. २०१२ पासून हे चालू आहे. शेकडो किलोमीटरच्या दरीत पगारी संशोधक रोज पोहोचू शकत नाही. वाटाडे तिथे असतातच.

मित्राने हे समजावून सांगितल्यावर मॅडम फळ्याजवळ गेल्या आणि आमच्या कागदी नदीच्या वीजघराचा आठवड्याचा आलेख काढून शनिवार-रविवार सपाट केला. म्हणाल्या, ‘मला नोकरीत कुणी असं विचारलं असतं तर मी करू शकले असते. मला फक्त “पर्यावरणासाठी जास्त पाणी सोडा” एवढंच विचारत होते, आणि जास्त पाणी माझ्याकडे नव्हतं.’

या वाक्यावर सगळी पुस्तिका उभी करता येईल. पाणकिड्यांनी पाणी वाढवून मागितलंच नव्हतं. त्यांचं म्हणणं वेळेबद्दल होतं.

१२ मार्च

तक्त्यात झाडांची ओळ भरली. पॉप्लर आणि विलो कुळातली काठची झाडं वसंतात कापसासारखं बी सोडतात. हे बी काही आठवडेच जगतं, आणि पूर ओसरल्यावर उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर पडलं तरच रुजतं. पुढे पाण्याची पातळी रोज सुमारे अडीच सेंटिमीटरपेक्षा वेगाने उतरली तर रोपाचं मूळ तिचा पाठलाग करू शकत नाही आणि रोप वाळतं. दरवाजा एका दिवसात बंद करणं आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू बंद करणं यात एका पिढीच्या झाडांचा फरक आहे.

अमेरिका आणि मेक्सिको यांनी २०१४ मध्ये एका करारानुसार कोलोरॅडोच्या कोरड्या त्रिभुज प्रदेशात मार्च ते मे या काळात सुमारे १३ कोटी घनमीटर पाणी सोडलं, ते या झाडांच्या बी पडण्याचा हंगाम साधूनच. नदी काही काळ समुद्राला मिळाली. दोन देशांच्या जलकरारात झाडाच्या बियांचा हंगाम शिरला, याचं मोल मला फार वाटतं.

२८ मार्च

लहान नोंद. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात एका जुन्या जलपाशाचा (बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या बांधकामाचा) दरवाजा वसंतात बंद असतो, आणि अंडी घालायला वर निघालेले मासे तिथे खोळंबतात. २०२१ पासून तिथे पाण्याखाली कॅमेरा आहे. घरबसल्या कुणीही तो पाहू शकतो आणि मासा दिसला की बटण दाबतो. पुरेसे मासे जमले की जलपाशाचा रखवालदार दरवाजा उघडतो. खर्च किरकोळ, कायदा नवा नाही. मात्र दरवाज्याची किल्ली ज्याच्या हातात आहे तो या साखळीत पहिल्यापासून सामील आहे. आमच्या तक्त्यात ‘कुणी कळवायचं’ आणि ‘कुणी उघडायचं’ हे दोन रकाने इथूनच आले.

१६ एप्रिल

आज कडाक्याचा वाद झाला, आणि तो होणं गरजेचं होतं. वाक्य होतं: ‘मानवेतर जीवांचं हित लक्षात घेऊन अडथळे काढावेत.’ मित्राने ते खोडलं. म्हणाला, मानवेतर जीवांचं हित असं काही एक नसतं.

उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत समुद्री लॅम्प्री हा मासा कालव्यांच्या वाटेने शिरला. तोंडाच्या चकतीने तो दुसऱ्या माशांना चिकटतो आणि त्यांचं रक्त शोषतो. त्याने तिथल्या ट्राऊट माशांची दाणादाण उडवली, आणि १९५५ मध्ये अमेरिका-कॅनडाने संयुक्त मत्स्य आयोग स्थापला त्यामागचं एक मोठं कारण तोच होता. तिथे खालच्या बाजूचे काही बंधारे मुद्दाम टिकवले जातात, कारण ते काढले तर लॅम्प्रीला वरच्या ओढ्यांत अंडी घालायची वाट मोकळी होते. पण त्याच बंधाऱ्यांवर स्टर्जनसारखे देशी मासेही अडतात. म्हणजे एकच भिंत काही माशांचं रक्षण करते आणि काहींची वाट तोडते. न्यूझीलंडमध्ये बाहेरून आणलेला ट्राऊट छोट्या गॅलॅक्सिड माशांना खातो, त्यामुळे काही ओढ्यांत एखादा धबधबा किंवा अडथळाच त्यांना वाचवतो. याउलट वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ या काळात काढली आणि सामन (सॅल्मन) मासे वर चढू लागले, थोपलेला गाळ समुद्राकडे गेला, मुखाशी पुळण वाढली. तिथे भिंत जाणं योग्यच होतं.

सहकारीचा प्रश्न होता: मग लॅम्प्रीच्या वतीने कुणी बोलायचं की नाही? मॅडमचं मत, नाही, आक्रमक जातीला मत कशाला. मित्र म्हणाला, मत नको, पण माहिती हवीच. तो कधी चढतो, किती उंच अडथळा ओलांडू शकतो, वास कसा घेतो, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस खोलीत असायला हवा, नाहीतर इतरांसाठी घेतलेला निर्णयही फसतो. शिवाय युरोपातल्या नद्यांत हाच समुद्री लॅम्प्री मूळ रहिवासी आहे आणि तिथे त्याला संरक्षण आहे. जीव तोच, पण खोरं बदललं की त्याची बाजूही बदलते.

ठरलं ते असं. ‘निसर्गाचा प्रतिनिधी’ असं पद पुस्तिकेत नसेल. प्रतिनिधी एका जातीचा किंवा एका अधिवासाचा असेल, आणि शक्य तिथे जीवनाच्या एका टप्प्याचा: अंड्यांचा, पिलांचा, स्थलांतराचा. दोन जीवांच्या मागण्या एकमेकींवर आदळल्या तर ते उघड नोंदवायचं आणि समितीने कारण लिहून निवड करायची. माझ्या मते आतापर्यंतचा हा आमचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे. ‘निसर्ग’ म्हणून एकच आवाज केला की तो आवाज ज्याच्या तोंडी असेल त्याच्या सोयीचा होतो.

७ मे

प्रतिनिधीने पुरावा कोणता आणायचा, यावर काम.

वॉर्सा शहराच्या पाणीपुरवठ्यात आठ जिवंत शिंपले कामाला असतात. प्रत्येकाच्या शिंपेला एक संवेदक जोडलेला असतो आणि नदीतून घेतलेलं पाणी त्यांच्यावरून वाहतं. पाणी स्वच्छ असताना शिंपले उघडे राहून ते गाळत राहतात. विषारी काही आलं की मिटतात. एखादा मिटणं नेहमीचं आहे. बरेच एकदम मिटले की यंत्रणा धोक्याची सूचना देते. काही काळानंतर त्यांना परत पाण्यात सोडतात, कारण शिंपले सरावतात आणि बेफिकीर होतात. इथे जीव स्वतःच्या शरीराने साक्ष देतो आहे आणि मध्ये कुणी दुभाषी लागत नाही.

बाकीच्यांसाठी माणूस लागणारच, म्हणून त्याच्यावर अटी. काय पाहिलं, कुठे, कोणत्या तारखेला, ते सांगायचं. खात्री किती आहे तेही सांगायचं. मच्छीमाराचं निरीक्षण आणि प्रयोगशाळेचा अहवाल एकाच तक्त्यात येतील, वेगळ्या पुरवणीत नाही, कारण मासे कोणत्या वाऱ्याला हलतात हे पुष्कळदा मच्छीमारालाच आधी कळतं. पुढच्या बैठकीत प्रतिनिधीने आधी केलेल्या मागणीचा हिशेब द्यायचा: मागितलं ते मिळालं का, मिळाल्यावर त्या जीवाचं खरंच बरं झालं का. झालं नसेल तर मागणी बदलायची. आणि ठरावीक मुदतीनंतर प्रतिनिधी बदलायचा.

२९ मे

दुसरी सराव बैठक, आता तक्त्यासह. भिंतभर कागद. आडवे बावन्न आठवडे. उभ्या ओळींत कालव्याची आवर्तनं, वीजघर, शहर, पूरसाठा, आणि त्याच शाईत, त्याच रुंदीच्या ओळींत कॅडिसची अंडी, विलोचं बी, शिंपल्याची पिलं, ईल मासा.

शिंपल्याच्या ओळीने सगळ्यांना थांबवलं. गोड्या पाण्यातल्या पुष्कळ शिंपल्यांची पिलं काही आठवडे माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात आणि मग तळाशी उतरतात. मासा बंधाऱ्यावर अडला तर शिंपलाही वर पोहोचत नाही. म्हणजे शिंपल्याची मागणी भरताना माशाच्या ओळीत आधी काहीतरी भरावं लागलं. ओळी एकमेकींना बांधल्या गेल्या आणि तक्ता पहिल्यांदाच नदीसारखा वागू लागला.

नेहमीच्या मागण्यांपैकी बऱ्याच भराभर मिटल्या. शनिवार-रविवारचा स्थिर विसर्ग वीजघराने मान्य केला. आवर्तन संपताना दरवाजा टप्प्याटप्प्याने बंद करायला कालव्याच्या बाजूने थोडी कुरकुर झाली, पण अचानक बंद केल्यावर कालव्याचे भरावही ढासळतात हे मॅडमनी दाखवल्यावर तीही संपली.

अडलं ते ईलवर. युरोपातला ईल आयुष्याची अनेक वर्षं नदीत काढतो आणि मग अंडी घालायला अटलांटिक महासागरातल्या सारगासो समुद्राकडे निघतो. ही जात आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. प्रौढ ईल शरदात, काळोख्या रात्री, पाऊस पडून पाणी चढतं तेव्हा खाली उतरतात. वाटेत टर्बाइन. लांब शरीरामुळे पात्याचा फटका लागण्याची शक्यता इतर माशांपेक्षा जास्त. त्या रात्री टर्बाइन थांबवणं हा उपाय आहे आणि काही ठिकाणी तो केला जातो. पण नेमक्या त्याच रात्री पाणी भरपूर असतं आणि वीज चांगली निघते. वीजघर म्हणालं, अख्खा हंगाम बंद ठेवणं परवडणार नाही. ईलच्या बाजूने बसलेली सहकारी म्हणाली, पंचांग बघून तारखा ठरवता येणार नाहीत, पाऊस कधी येईल ते ईललाही आधी ठाऊक नसतं. रात्री उशिरापर्यंत यावर तोडगा निघाला नाही.

१८ जून

टंचाईचं कलम. चांगल्या वर्षी सगळेच उदार असतात. अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीत सप्टेंबर २००२ मध्ये पाणी कमी आणि कोमट झालं, वर चढणारे सामन दाटीवाटीने अडकले, रोग पसरला आणि हजारोंच्या संख्येने मासे मेले. त्यानंतर दोन दशकं भांडण, वाटाघाटी आणि आदिवासी समाजांचा चिवट आग्रह चालला, आणि २०२४ मध्ये त्या नदीवरची चार धरणं काढून झाली. काही आठवड्यांतच सामन जुन्या धरणांच्या वर दिसले.

ऑस्ट्रेलियाने २००७ च्या जल कायद्याने एक पदच निर्माण केलं, जे मरे-डार्लिंग खोऱ्यात पर्यावरणाच्या नावावर पाण्याचे हक्क बाळगतं. हे हक्क शेतकऱ्यांच्या हक्कांसारखेच असतात. दुष्काळात त्याच वर्गाचा हक्क असलेल्या शेतकऱ्याला जितके टक्के मिळतात तितकेच पर्यावरणाला मिळतात, आणि नियमांत बसेल तितकं पुढच्या वर्षासाठी शिल्लकही ठेवता येतं. त्यावर टीका पुष्कळ आहे, विशेषतः हक्क विकत घेतल्याने शेतीच्या गावांवर काय परिणाम होतो यावरून, आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. पण कपात सगळ्यांत आधी नदीच्या जीवांवर पडायची नाही, हे तत्त्व आम्ही उचललं. पिण्याचं पाणी पहिलं. त्याखाली कपात प्रमाणात, सगळ्या ओळींवर.

१९ जून

काल शिल्लक ठेवण्याबद्दल लिहिताना ईलचं कुलूप उघडलं. आज मॅडमशी बोलून घेतलं.

पाण्याची खाती असतात तशी रात्रींची करायची. हंगामाच्या सुरुवातीला वीजघराने ईलच्या नावावर ठरावीक रात्री जमा करायच्या. किती, ते वाटाघाटीत ठरेल. कोणत्या रात्री वापरायच्या, हे ईलचा प्रतिनिधी पाऊस, चंद्र आणि वरच्या जाळ्यात सापडणारे मासे बघून सांगेल, दुपारी अमुक वाजेपर्यंत. वीजघराने त्या रात्री टर्बाइन थांबवायची, कारण विचारायचं नाही. उरलेल्या रात्री पुढच्या हंगामात जमा. वीजघराला एकूण तोटा आधीच कळतो, आणि ईलला तारखेचं बंधन नाही. मॅडमना परिचालनाच्या दृष्टीने यात अडचण दिसत नाही. पूर आला किंवा धरणाच्या सुरक्षेचा प्रश्न असला तर मात्र अभियंत्याचा शब्द अंतिम, आणि गेलेली रात्र खात्यात परत.

८ जुलै

मसुदा पूर्ण. सराव बैठकीत वीजघराच्या बाजूने रात्रींचं खातं मान्य झालं. वाद झाला तो फक्त संख्येवर, आणि तो व्हायलाच हवा.

परिचालकाच्या नोंदवहीचा नमुना मॅडमनी स्वतः आखला. तारीख, वेळ, पातळी, विसर्ग, कोणता दरवाजा किती उघडला, या नेहमीच्या रकान्यांपुढे एक नवा रकाना आहे: ‘कोणाच्या मागणीवरून’. त्यात ‘कालवा’, ‘वीज’, ‘शहर’ जसं लिहिलं जातं तसंच ‘ईल’, ‘कॅडिस’, ‘विलो’ लिहायचं. मागणी नाकारली तर तेही त्याच रकान्यात, सही आणि कारणासह. वर्षाअखेरीस ही वही समितीपुढे वाचली जाईल.

उरलेली कामं: शिंपल्याच्या पिलांचा हंगाम वेगवेगळ्या जातींसाठी कसा नोंदवायचा याची सूचना लिहिणं, प्रतिनिधीचा प्रवास आणि वेळ यांचं मानधन कोणत्या शीर्षातून द्यायचं ते ठरवणं, कारण फुकट काम करणारा प्रतिनिधी दुसऱ्या वर्षी येत नाही, आणि आक्रमक जातींच्या कलमावर मॅडम आणि मित्र यांची अजून एक बैठक. ती पुढच्या मंगळवारी आहे.